दिलेल्याचा हिशेब

पैसा माणसाला बिघडवतो की माणूस मुळात जसा असतो तसा त्याला उघडा पाडतो, हा प्रश्न आम्हांला धर्मगुरू या नात्याने वारंवार विचारला जातो. विचारणारा बहुधा दुसऱ्या कोणाविषयी बोलत असतो. "फादर, जमीन विकली आणि माणूसच बदलला," असे म्हणून तो थांबतो व आमच्या तोंडाकडे पाहतो. आम्हीही वर्षानुवर्षे एक ठरावीक उत्तर देत आलो : पैसा स्वतः वाईट नव्हे, पैशाचा लोभ वाईट. संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्राचा आधार दिला की उत्तर पक्के होते आणि विचारणारा समाधानाने घरी जातो.

हे उत्तर खोटे नाही. परंतु अपुरे आहे, असे आम्हांला आता वाटू लागले आहे. लोभ वाईट हे मान्य. पण साध्या, कष्टाळू, प्रेमळ माणसात तो शिरतो कोणत्या दाराने? आणि आत शिरल्यावर तो परक्यांना सोडून मित्र, पत्नी, भाऊ अशा आपल्याच माणसांना प्रथम का गिळतो? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका शंभर वर्षांपूर्वीच्या मूक चित्रपटाचे साहाय्य झाले. त्याचे नाव 'ग्रीड', म्हणजे लोभ. दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइम. प्रथम प्रदर्शन डिसेंबर १९२४, न्यू यॉर्क.

हा चित्रपट आम्ही आयुष्यात दोनदा पाहिला. प्रथम, पुण्यात ईशज्ञानाचे शिक्षण घेत असताना, एका छोट्या सभागृहात पन्नास-साठ प्रेक्षकांसमवेत. त्या वेळी आम्ही तो इतरांच्या पापांविषयीचा चित्रपट म्हणून पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा आमचे केस पिकले होते, आणि मधल्या काळात आमच्या स्वतःच्या घरी एक गोष्ट घडून गेली होती. तिच्याविषयी पुढे लिहू. आधी चित्रपटाची हकिकत सांगितली पाहिजे, कारण आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल.

मूळ कथा फ्रँक नॉरिस या अमेरिकन कादंबरीकाराची. 'मॅक्टीग' ही त्याची कादंबरी १८९९ साली प्रसिद्ध झाली. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्को शहरातील एका बालवाडीत झाडलोट करणाऱ्या स्त्रीचा तिच्या नवऱ्यानेच पैशापायी खून केला होता. ती बातमी या कादंबरीच्या मुळाशी आहे. स्ट्रोहाइम हा व्हिएन्नातील एका ज्यू टोपीवाल्याचा मुलगा. १९०९ साली तो अमेरिकेत आला, आणि आपण ऑस्ट्रियातील सरदार घराण्यातले आहोत असे भासवून त्याने नावात 'फॉन' जोडले. गंमत अशी, की स्वतःविषयी खोटे सांगणाऱ्या या माणसाला पडद्यावर मात्र तिळमात्र खोटेपणा खपत नसे. स्टुडिओत देखावे उभारण्याऐवजी त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या खऱ्या रस्त्यांवर व खऱ्या खोल्यांत चित्रण केले, आणि शेवटचे प्रसंग घेण्यासाठी १९२३ च्या भर उन्हाळ्यात नटांना व तंत्रज्ञांना कॅलिफोर्नियातील 'डेथ व्हॅली' या वाळवंटात नेले.

आता कथा. मॅक्टीग हा सोन्याच्या खाणीत राबणारा आडदांड, मंद बुद्धीचा पण मनाने मऊ तरुण. त्याच्या आईला वाटते, मुलाने खाणीतून बाहेर पडावे, काही तरी व्हावे. म्हणून ती त्याला एका फिरत्या दातांच्या डॉक्टरबरोबर धाडते. त्याच्या हाताखाली शिकून मॅक्टीग सॅन फ्रान्सिस्कोत दवाखाना थाटतो. पदवी नाही, परवाना नाही. पण गिऱ्हाइके येतात, पोट भरते. मार्कस नावाचा त्याचा जिवलग मित्र एके दिवशी आपली मामेबहीण-आतेबहीण असावी अशा नात्यातली त्रिना हिला दाताच्या उपचारासाठी घेऊन येतो. मार्कसचे तिच्यावर मन आहे. पण मॅक्टीग तिच्यावर भाळतो आणि ते मित्रापाशी कबूल करतो. मार्कस थोडा वेळ अस्वस्थ होतो, मग मोठ्या मनाने म्हणतो की तू तिच्याशी लग्न कर, मी बाजूला होतो. दोघे हात मिळवतात. पडद्यावर हा प्रसंग पाहताना मार्कसविषयी आदर वाटतो, आणि मार्कसलाही तो स्वतःविषयी वाटत असल्याचे दिसते.

त्रिनाने दवाखान्यात थांबलेली असताना तिथल्या मोलकरणीकडून सोडतीचे एक तिकीट घेतलेले असते. तिचे लग्न ठरते, आणि त्याच तिकिटाला पाच हजार डॉलरचे बक्षीस लागते. येथून तिघांच्याही आयुष्याची घडी विसकटते. लग्न लागत असताना मागच्या खिडकीतून रस्त्यावरून जाणारी एक प्रेतयात्रा दिसते. दिग्दर्शक ती केवळ दाखवतो, तिच्याविषयी एक शब्दही बोलत नाही.

त्रिना ती रक्कम गुंतवून ठेवते आणि तिला हात लावायचा नाही असे ठरवते. पुढे ती घरखर्चातूनही एकेक नाणे बाजूला काढू लागते, नाणी घासूनपुसून लखलखीत ठेवते. मार्कसच्या मनात मत्सर धुमसत राहतो. शहर सोडून जाण्यापूर्वी तो मित्राचा घात करतो : मॅक्टीगकडे परवाना नाही, अशी वर्दी सरकारदरबारी देतो. दवाखाना बंद पडतो. सामान विकले जाते. घर लहान होत जाते, मग त्याहून लहान, मग अंधारे. पाच हजार तसेच असतात. कामाच्या शोधात निघालेल्या नवऱ्याला त्रिना ट्रामच्या भाड्यापुरते नाणेही देत नाही. तो पावसात भिजत चालत जातो आणि त्याच दिवशी दारूच्या नादाला लागतो. पुढे तो पैशासाठी तिची बोटे चावू लागतो, आणि अखेर तिने साठवलेली शिल्लक घेऊन निघून जातो. जखमा चिघळून तिची बोटे कापावी लागतात. ती एका बालवाडीत फरशी पुसण्याचे काम पत्करते, गुंतवलेले पाच हजार सोन्याच्या नाण्यांत परत घेते, आणि रात्री ती नाणी अंथरुणावर पसरून त्यांच्यावर झोपते. नाताळच्या सजावटीने नटलेल्या त्या बालवाडीत मॅक्टीग तिचा खून करतो आणि सोने घेऊन पळतो. डेथ व्हॅलीत मार्कस त्याला गाठतो. पाणी सांडून गेलेले, खेचर मेलेले, मैलोगणती मीठ व माती. तरीही दोघे मित्र सोन्यासाठी झुंजतात. मॅक्टीग मार्कसला ठार करतो. पण मरण्यापूर्वी मार्कसने दोघांच्या मनगटांत एकच बेडी अडकवलेली असते. मित्राच्या प्रेताला जखडलेला मॅक्टीग वाळवंटात बसून राहतो. येथे चित्रपट संपतो.

चित्रपट कृष्णधवल; तथापि स्ट्रोहाइमने सोन्याच्या वस्तू तेवढ्या पिवळ्या रंगवून घेतल्या होत्या. करड्या जगात फक्त सोने पिवळे. लोभी माणसाला जग असेच दिसत असावे.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. या तिघांत लोभ कोठून शिरला?

मार्कसचा विचार प्रथम करू, कारण तो सर्वांत कळण्याजोगा आहे. मार्कसने मित्राला जे दिले ते खरोखर दिले होते. तो ढोंगी नव्हता. परंतु दिले तेव्हा त्याची किंमत ठाऊक नव्हती. पाच हजारांची बातमी येताच त्याच्या मनात एक गणित सुरू झाले : त्रिना मी सोडली नसती, तर हे पैसे माझे झाले असते. वास्तविक त्याचे काय गेले? ते पैसे त्याच्या हातात एक क्षणही नव्हते. त्याच्या खिशातून एक छदाम कमी झाला नव्हता. तरीही तो स्वतःला लुबाडला गेलेला समजू लागला. जे कधी आपले नव्हतेच ते हरवल्याचे दुःख, ही लोभाची पहिली खूण होय. दान मागे वळून पाहू लागले की त्याचे कर्ज होते. मग ज्याला दिले तो मित्र राहत नाही, तो ऋणको होतो. आणि ऋणको पैसे देत नसेल तर त्याच्या घरावर जप्ती आणणे हे माणसाला पाप वाटत नाही, न्याय वाटतो. मार्कसने वर्दी दिली तेव्हा आपण विश्वासघात करीत आहोत असे त्याला वाटले नसावे. आपण थकलेली बाकी वसूल करीत आहोत, असेच वाटले असावे.

त्रिनाचे तसे नाही. तिने सोडतीचे तिकीट स्वतः घेतले, बक्षीस तिला लागले, पैसा तिचा. काटकसर हा तिच्या घरचा संस्कार होता, आणि परक्या देशात येऊन उभ्या राहिलेल्या कुटुंबात तो सद्गुणच असतो. येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. त्रिनाच्या कंजूषपणाचा विचार करताना तिच्या खुनाचे पाप तिच्याच माथी मारण्याचा मोह पुष्कळांना होतो. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आम्ही अशा तऱ्हेची वाक्ये नवऱ्यांच्या तोंडून ऐकली आहेत. बायकोने पैसे दिले नाहीत म्हणून हात उचलणारा नवरा हा हात उचलणाराच असतो. त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो त्यालाच द्यावा लागेल. तरीही त्रिनाच्या मनाचे जे झाले ते पाहिलेच पाहिजे, कारण ती आपल्यासारखी आहे. ती कोणाचे काही घेत नाही. ती फक्त देत नाही.

संत थॉमस अक्वायनसने एक बारीक प्रश्न विचारला आहे : लोभ हे देहाचे पाप की आत्म्याचे? सोने तर जड वस्तू. तेव्हा उत्तर देहाचे असे यायला हवे. परंतु थॉमस तसे म्हणत नाही. खादाडाला अन्नाची चव लागते, तशी लोभ्याला सोन्याची चव लागत नाही. त्याला सुख होते ते 'हे माझे आहे' या जाणिवेचे, आणि जाणीव ही आत्म्याची गोष्ट आहे. सेमिनरीत हा परिच्छेद वाचताना आम्हांला तो शाब्दिक कीस वाटला होता. नाण्यांवर निजलेली त्रिना पाहिल्यावर त्याचा अर्थ उमगला. ते दृश्य वरवर देहाचे आहे, पण त्या नाण्यांनी तिला ऊब मिळत नाही, अन्न मिळत नाही. पाच हजारांतून तिने एक नवा झगा घेतला असता तर ती कदाचित वाचली असती! खर्च न केलेला पैसा तिच्या आत्म्यात जागा व्यापत गेला आणि नवऱ्याला, आईवडिलांना, शेवटी तिला स्वतःलाही तेथे जागा उरली नाही.

पोप संत ग्रेगरी यांनी सहाव्या शतकात लोभाच्या सात कन्या सांगितल्या आणि थॉमसने ती यादी पुढे विवरून मांडली : विश्वासघात, लबाडी, असत्य, खोटी शपथ, मनाची अस्वस्थता, बळजबरी, आणि दयेविरुद्ध कठोर झालेले हृदय. आम्ही ही यादी परीक्षेसाठी पाठ केली होती. तीत विश्वासघात आहे हे ठाऊक होते. थॉमस तेथे यहूदाचे उदाहरण देतो, तेही ठाऊक होते. पण अस्वस्थता तेथे का असावी, हे कळत नव्हते. लोभ्याला निदान झोप तरी नीट लागत असेल, असे वाटे. चित्रपटातील तिघेही माणसे मनाने मोडतात ती याच कन्येच्या हातून. मार्कसला स्वस्थता नाही कारण 'ते माझे असते'. त्रिनाला नाही कारण 'ते माझे जाईल'. मॅक्टीगला नाही कारण 'ते माझे व्हायला हवे'. तिघांची नजर एकाच थैलीवर, आणि थैलीतले एकही नाणे तिघांपैकी कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. नॉरिस हा फ्रेंच कादंबरीकार झोला याच्या वळणाचा लेखक. माणूस रक्ताने आणि परिस्थितीने घडतो, त्याच्या हाती फारसे काही नसते, अशी त्या संप्रदायाची धारणा. मॅक्टीगचा बाप दारुडा, म्हणून मुलातही तो पशू झोपलेला आणि संधी मिळताच जागा झालेला. तसे असेल तर पाप कशाला म्हणायचे आणि विश्वासघात तरी कशाला? आम्ही या आक्षेपाला हसून उडवून लावीत नाही. बापाची बाटली मुलाच्या हातात आलेली आम्ही आमच्या धर्मग्रामात पाहिली आहे, आणि अशा मुलाला 'तू स्वतंत्र आहेस' असे प्रवचनातून सांगणे किती सोपे व किती निरुपयोगी असते, तेही अनुभवले आहे.

याचे उत्तर आम्हांला चित्रपटाच्या कापलेल्या भागात सापडले. स्ट्रोहाइमने केलेली पहिली प्रत बेचाळीस रिळांची, आठ-नऊ तास चालणारी होती. जानेवारी १९२४ मध्ये ती मोजक्या मंडळींना दाखवण्यात आली. त्याने स्वतः ती चोवीस रिळांवर आणली, मित्रांच्या मदतीने ती अठरापर्यंत आली. दरम्यान चित्रपट काढणारी कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. नव्या मालकांनी तो दहा रिळांवर आणूनच प्रदर्शित केला. छाटलेली फीत तिच्यातील चांदी मिळवण्यासाठी जाळली गेली, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते. लोभावरचा चित्रपट चांदीसाठी जाळला जावा, यावर अधिक भाष्याची गरज नाही. १९९९ साली उरलेल्या स्थिरचित्रांच्या आधारे सुमारे चार तासांची एक प्रत जुळवण्यात आली. आम्ही दुसऱ्यांदा पाहिली ती हीच.

छाटलेल्या भागात दोन वृद्ध होते : ग्रॅनिस आणि मिस बेकर. मॅक्टीगच्याच इमारतीत शेजारशेजारच्या खोल्यांत ते राहत, मध्ये एक पातळ भिंत. मूळ कादंबरीत ही कथा फार सुंदर आहे. दोघांचे एकमेकांशी धड बोलणे नाही. म्हातारा संध्याकाळी आपल्या खोलीत पुस्तिकांची बांधणी करीत बसतो, म्हातारी त्याच वेळी भिंतीपलीकडे चहा घेत बसते. एकमेकांची चाहूल, एवढीच त्यांची सोबत. पुढे ग्रॅनिसने तयार केलेले बांधणीचे साधन विकले जाते आणि त्यालाही बरीच रक्कम मिळते. म्हणजे पैसा या घरातही येतो! पण म्हाताऱ्याला त्या रकमेचा आनंद होत नाही. साधन गेले, संध्याकाळचे काम गेले, आणि त्याबरोबर भिंतीपलीकडची सोबतही गेली, असे वाटून तो रिकाम्या हातांनी बसून राहतो. तेव्हा मिस बेकर आयुष्यात प्रथमच उंबरा ओलांडते आणि त्याच्यासाठी चहा घेऊन येते.

तीच इमारत, तोच रस्ता, तेच शहर, तसेच अचानक आलेले पैसे. एका दाराआड खून शिजला आणि दुसऱ्या दाराआड चहा. ही कथा कापल्यामुळे पडद्यावर असे दिसू लागले, की पैसा आला म्हणजे माणसाचा नाश ठरलेला. संपूर्ण कृतीचे म्हणणे तसे नव्हते. पैसा माणसाला बिघडवतोच असे नाही, आणि तो केवळ आधीचे उघडे पाडतो असेही नाही. पैसा येतो तेव्हा माणसापुढे एक प्रश्न येऊन उभा राहतो : आजवर तू जे दिलेस, ते दिलेले होते की ठेवायला दिलेले होते? ग्रॅनिस आणि मिस बेकर यांनी एकमेकांना दिलेल्या संध्याकाळींची कोठे नोंद नव्हती, म्हणून त्यांच्यापुढे वसुलीचा प्रश्नच उभा राहिला नाही. मार्कसची नोंद होती, पण ती त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हती.

प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांची भयंकर कथा आहे. त्या दांपत्याने जमीन विकली आणि किमतीचा काही भाग मागे ठेवून उरलेला प्रेषितांच्या चरणी आणला, पण सर्वच आणल्याचे भासवले. पेत्र त्यांना जे सुनावतो त्याचा आशय असा, की जमीन तुमचीच होती, विकल्यावर पैसाही तुमच्याच हाती होता, कोणी जबरदस्ती केली नव्हती. सर्व देण्याची सक्ती नव्हतीच. अपराध होता तो दिल्यासारखे दाखवून मागे ठेवण्याचा. लहानपणी ही कथा ऐकताना आम्हांला पेत्र फार कठोर वाटे. आता वाटते, की दिलेल्या वस्तूला आपण मनात एक अदृश्य दोरी बांधून ठेवतो, आणि त्या दोरीविषयीच तो बोलत आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू. आम्ही ब्रह्मचर्याचे व आज्ञाधारकपणाचे वचन देतो, दारिद्र्याचे व्रत घेत नाही. वडिलार्जित मालमत्तेत आम्हांला हक्क असतो. वडील वारल्यानंतर वसईतील आमच्या वाडीचा प्रश्न आला तेव्हा आम्ही धाकट्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र केले. बहिणीनेही सही केली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून बाहेर पडताना मन हलके झाले होते. चार केळी, थोडा भाजीपाला, एक विहीर. आम्हांला त्याचे काय करायचे होते?

बऱ्याच वर्षांनी भावाने ती वाडी विकली. आकडा आमच्या कानांवर आला त्या रात्री आम्ही प्रार्थनापुस्तक हातात घेऊन बसलो आणि अर्ध्या तासाने लक्षात आले, की आम्ही एकही स्तोत्र वाचलेले नाही. आम्ही एका रकमेला तीनाने भागत होतो. मनाने लगेच पवित्र कारणेही पुढे केली : त्या पैशांतून गरीब मुलांची शिक्षणे झाली असती, चॅपेलचे छप्पर झाले असते. भावाने नवे घर बांधले आणि घराच्या आशीर्वादासाठी बोलावले, तेव्हा त्या दिवशी बैठक असल्याचे आम्ही कळवले व दुसऱ्या धर्मगुरूंना पाठवले. बैठक खरोखरच होती. ती पुढे ढकलता आली असती, हेही खरे होते.

आम्ही कोणाकडे वर्दी दिली नाही, कोणाचा परवाना बंद पाडला नाही. पण मार्कसच्या वाटेवरचे पहिले पाऊल कसे असते, ते आम्हांला त्या दिवशी कळले. त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही तो चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. प्रथम पाहिला तेव्हा आम्ही मॅक्टीगच्या बेडीकडे पाहिले होते. या वेळी मार्कसच्या चेहऱ्याकडे पाहिले.

अखेर आम्ही भावाकडे गेलो आणि जे मनात होते ते सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, आशीर्वादाला तुम्ही आला नाहीत, तेव्हाच मला समजलं होतं." पैशांविषयी तो एक अक्षरही बोलला नाही, आणि आम्हीही बोललो नाही. आमच्या मौनाने त्याच्या नव्या घरातली पहिली काही वर्षे कडू केली होती. ती परत देता येण्याजोगी नव्हती.

या प्रसंगातून आम्ही दोन गोष्टी शिकलो, आणि त्या वाचकांपुढे ठेवतो. पहिली ही, की दान ही एकदा करून संपणारी क्रिया नव्हे. सही एकदा होते. देणे मात्र वस्तूची किंमत वाढेल तसे पुन्हापुन्हा करावे लागते. स्वस्त असताना दिलेली वस्तू महाग झाल्यावर मनाने पुन्हा एकदा द्यावी लागते, नाहीतर ती आपोआप कर्जखात्यात जमा होते. विवाहाचे वचनही असेच आहे. तरुणपणी दिलेले वचन आजारपणात, नोकरी गेल्यावर, सोडत लागल्यावरही पुन्हा द्यावे लागते. त्रिना आणि मॅक्टीग यांनी ते एकदाच दिले.

दुसरी गोष्ट आम्हांला उशिरा सुचली आणि ती अधिक टोचणारी आहे. आम्ही तीनाने भागत होतो, पण तिसरा वाटा कोणाचा, याचा विचार आमच्या मनात आला नव्हता. आमच्या बहिणीने सही केली ती मनापासून केली होती का? की मुलीने वाटा मागायचा नसतो, ही रीत आमच्या समाजात आहे म्हणून केली? १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांच्या वाट्यात भेद नाही. भेद आहे तो आमच्या ओसरीवर. ज्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक नव्हती, त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूला दान म्हणता येत नाही. ज्याला आपला वाटा हवा आहे त्याने तो सरळ मागावा. मागण्यात पाप नाही. पाप आहे ते दिल्याचे नाव करून हिशेब ठेवण्यात, आणि तितकेच पाप आहे दुसऱ्याचे मौन हीच त्याची संमती असे समजण्यात. पहिल्यावर आम्ही व्यासपीठावरून पुष्कळ बोललो आहोत. दुसऱ्यावर आम्ही आजवर एकही प्रवचन दिलेले नाही.

चित्रपटाच्या शेवटी, सर्व काही संपल्यावर, मॅक्टीग वाळवंटात इतका वेळ जपलेली पिंजऱ्यातली कॅनरी बाहेर काढतो आणि सोडून देतो. पाखराच्या अंगी आता बळ उरलेले नसते. ते फार दूर जात नाही. सोडायचे ते पाखरात उडण्याचे बळ आहे तोवरच सोडले पाहिजे.

भाऊ आणि आम्ही येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर बहिणीच्या घरी जाणार आहोत. तिला एकच विचारायचे आहे : त्या दिवशी तुझ्या मनात काय होते? ती काय सांगेल हे आम्हांला ठाऊक नाही. भाऊ म्हणाला, ती जे सांगेल ते ऐकून घ्यायचे आणि त्याप्रमाणे करायचे. हे तो आमच्याआधी बोलला, याची येथे नोंद करणे आम्हांला आवश्यक वाटते.